शाळेकडं मागितली जाणारी माहिती तपासायची कशी?

पाटण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिकांनी विचारलंय: "आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष परवा म्हणाले, 'बाई, तुम्ही मोबाइलवर माहिती भरत असता तेव्हा पोरं काय करतात?' वाईट वाटलं, पण त्यांचं चुकलं नव्हतं. आता समितीनंच ठरवलंय की शाळेकडून वर्षभरात कोणकोणती माहिती मागवली जाते, त्यातली बंधनकारक कोणती आणि नसलेली कोणती, याचा आढावा घ्यायचा. सुरुवात कुठून करू? आणि झालेला आढावा मांडू कुणापुढं?"

मॅडम, मी ३४ वर्षं या खात्यात काढली. उपशिक्षक म्हणून लागलो, केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांचा गट म्हणजे केंद्र, त्याचा प्रमुख) झालो, विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा पहिला भाग माहिती देण्यात गेला आणि शेवटचा भाग तीच माहिती मागण्यात. त्यामुळं दोन्ही बाजूंनी जे पाहिलं ते सांगतो.

मुख्य गोष्ट आधी. कायदा शाळेकडं फार थोडं मागतो. ओझं तयार होतं ते कायदा आणि तुमच्या केंद्राचा व्हॉट्सॲप ग्रुप यांच्या मधल्या वाटेवर, एकच माहिती पाच टेबलांनी पाच नमुन्यांत मागितल्यामुळं. म्हणून 'हे काम आम्हाला नको' अशी यादी करून सुरुवात करू नका. तसली यादी फाइलला लागते आणि शिक्षक काम टाळतात असा शेरा मिळतो. 'हीच माहिती आम्ही आधी कुठं दिली आहे' अशी यादी करा. तिला उत्तर द्यावं लागतं.

तुमच्या अध्यक्षांना सांगा की हा आढावा घ्यायचा अधिकार समितीला कायद्यानंच दिलाय. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, म्हणजे आपण ज्याला आरटीई म्हणतो, त्याच्या कलम २१ मध्ये समितीची कामं लिहिली आहेत: शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा, आणि आलेल्या अनुदानाचा विनियोग पाहणं. शिक्षकाचा वेळ कुठं जातो हे पाहणं म्हणजे कामकाजावरची देखरेखच. समितीत किमान ७५ टक्के पालक असतात, त्यामुळं ही गोष्ट शिक्षकाची तक्रार म्हणून न जाता गावाचं म्हणणं म्हणून जाते. आणि त्यानं फरक पडतो. शिक्षकाचा अर्ज आणि समितीचा ठराव एकाच दिवशी टेबलावर आले तर ठराव आधी उघडला जातो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

आता सुरुवात. २०० पानी आखीव वही आणा आणि जूनपासून दिवाळीपर्यंत माहितीची प्रत्येक मागणी तीत उतरवा. आवक रजिस्टर यासाठी पुरत नाही, कारण त्यात फक्त कागद चढतो. आज बऱ्याच मागण्या ग्रुपवर येतात, काही शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) तोंडी सांगितल्या जातात, काही फोनवर. त्या सगळ्या लिहा. तारीख, मागणारं कार्यालय, कशाच्या आधारे, कोणता नमुना, किती मुदत मिळाली, भरायला किती मिनिटं गेली. आणि शेवटी दोन रकाने, जे मी तुम्हाला आग्रहानं सांगतो: 'हीच माहिती आधी कुठं दिली' आणि 'भरत असताना वर्ग कुणाकडं होता'.

हा शेवटचा रकाना मी एका मुख्याध्यापकांकडून शिकलो. कृष्णाकाठच्या एका गावात शाळाभेटीला गेलो होतो. गुरुजी दुसऱ्या खोलीत मुलांना रांगेत बसवत होते आणि टेबलावर त्यांची वही उघडी होती. पेन्सिलीनं बारीक अक्षरात नोंदी होत्या. एका ओळीत 'वर्ग: चौथीच्या मुलीकडं'. पुढच्या ओळीत 'वर्ग: स्वयंपाकी मावशींकडं'. त्याखाली 'वर्ग: कुणाकडं नाही'. त्या दिवशी मी पाठ निरीक्षण केलं नाही, बसून ती वही वाचली. त्यातल्या तीन नोंदींपुढं मागणारं कार्यालय म्हणून आमचंच नाव होतं, आणि त्यातल्या एका माहितीचं पुढं आमच्याकडं काय झालं ते मला आठवत नव्हतं. गुरुजींनी मला कधी तक्रार केली नव्हती. वहीत मात्र सगळं होतं.

महिनाभराच्या नोंदी झाल्या की एक साधा विषय निवडा आणि तो वहीत सगळीकडं शोधा. मी शौचालय सुचवेन. यू-डायस प्लसमध्ये, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत, मुलांची किती, मुलींची किती, त्यातली चालू किती, पाणी आहे का, हे सगळं दरवर्षी भरतोच. मग तीच माहिती बांधकामाच्या नमुन्यात येते, पाणी-स्वच्छतेच्या नमुन्यात येते, एखाद्या अभियानाच्या मूल्यांकनात येते. प्रत्येकाचं शीर्षक थोडं वेगळं. एक विचारतो 'उपलब्ध', दुसरा 'वापरात असलेली', तिसरा 'युनिट', चौथा 'सीट'. मुलींच्या एका खोलीत दोन भांडी असतील तर एका नमुन्यात १ जातं आणि दुसऱ्यात २. दोन्ही खरं. सहा महिन्यांनी पत्र येतं की आपल्या शाळेच्या माहितीत तफावत आढळून येते, तरी लेखी खुलासा सादर करावा. त्या खुलाशाला आणखी एक दुपार. असे खुलासे मी स्वतः गोळा करून पुढं पाठवलेत. त्यातल्या एका शाळेत पुढं गेलो तेव्हा दिसलं की मुलींच्या शौचालयाच्या दाराची आतली कडी तुटलेली होती आणि मुली दोघी-दोघींनी जात होत्या, एकीनं बाहेरून दार धरायला. कोणत्याच नमुन्यात कडीचा रकाना नव्हता. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातून ती कडी चाळीस-पन्नास रुपयांत बसली.

आता 'कशाच्या आधारे' हा रकाना. इथं बरेच जण अडतात, म्हणून सविस्तर सांगतो. सगळ्यात वर कायदा. त्याखाली नियम, आपल्या राज्याचे आरटीईचे नियम २०११ चे आहेत. त्याखाली शासन निर्णय, मग आयुक्त किंवा संचालक कार्यालयाचं परिपत्रक, मग जिल्ह्याचं पत्र, तालुक्याचं पत्र, आणि तळाला ग्रुपवरचा संदेश. प्रत्येक पत्रात विषयाच्या खाली 'संदर्भ' असतो. आपण तो वाचत नाही, थेट तक्त्यावर जातो. वाचायची सवय लावा आणि संदर्भ धरून एकेक पायरी वर चढा. शासन निर्णयाला संगणक सांकेतांक असतो, त्यावरून तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर सापडतो. सापडला की शाळेकडून नेमकं काय मागितलंय त्या ओळींखाली रेघ ओढा.

असं चारपाच वेळा केलंत की तुम्हाला दिसेल, खाली येताना मागणी फुगते. वरून जिल्ह्याची एकूण संख्या मागितलेली असते. जिल्हा सावधगिरी म्हणून तालुकानिहाय मागतो, तालुका शाळानिहाय मागतो, आणि केंद्रावर पोचेपर्यंत तिची मुलांची नावं, आधार क्रमांक आणि पालकांच्या मोबाइलसकट यादी झालेली असते. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. 'वरून विचारलंच तर आपल्याकडं असावं' एवढी भीती असते. मीही त्या भीतीनं रकाने वाढवलेत. मुदतीचं उलट होतं, ती खाली येताना आटते. वरून आठ दिवस दिलेले असतात, प्रत्येक टेबल आपले दोन दिवस काढून ठेवतं आणि शाळेच्या वाट्याला येतं 'आज सायं. ५ पर्यंत, अत्यंत तातडीचे, निरंक असल्यास निरंक अहवाल द्यावा'. मूळ पत्र आणि ग्रुपवरचा संदेश शेजारी शेजारी ठेवून दोन्हींच्या तारखा वहीत लिहा. मोठ्या आवाजात काही बोलावं लागत नाही.

साखळी कुठंच पोचत नसेल, म्हणजे पत्राचा संदर्भ दुसरं पत्र आणि त्याचा संदर्भ कुठलीशी व्हीसी (व्हिडिओ बैठक), तर त्या नोंदीला लाल खूण करा. ती मागणी बेकायदा आहे असं म्हणू नका. ती सवयीची आहे, आणि सवय बदलता येते.

एक अपवाद सांगून ठेवतो. अधिवेशन चालू असताना तारांकित प्रश्नाची माहिती मागितली तर मुदतीवरून वाद घालू नका. विधिमंडळात उत्तर द्यायचं असतं, त्या तारखा तालुक्याच्या काय, जिल्ह्याच्याही हातात नसतात. फक्त पत्रात प्रश्न क्रमांक आहे का ते बघा.

आता कायदा थेट काय मागतो ते. कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं आहेत: नियमित आणि वेळेवर येणं, अभ्यासक्रम ठरलेल्या वेळेत पूर्ण करणं, प्रत्येक मुलाची शिकण्याची गती पाहून लागेल तिथं जादा शिकवणं, पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणं. अनुसूचीत पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास, आणि शिक्षकाला तयारीसकट आठवड्याला ४५ तास. हे आकडे तुमच्या आढाव्याचा पाया आहेत. रोज फक्त अर्धा तास माहिती भरण्यात गेला तर २०० दिवसांत १०० तास होतात. ८०० मधले १००. म्हणजे आठवा हिस्सा. द्विशिक्षकी शाळेत त्या अर्ध्या तासाला दुसऱ्या शिक्षकाकडं पाचही इयत्ता असतात, तेव्हा त्याचं शिकवणंही थांबतं. हे गणित समितीच्या बैठकीत फळ्यावर मांडा. पालकांना कलमं लक्षात राहत नाहीत, पण १०० तास राहतात.

कलम ९ सुद्धा वाचून घ्या, ते सहसा कुणी उघडत नाही. आपल्या हद्दीतल्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं हे कर्तव्य तिथं स्थानिक प्राधिकरणावर टाकलंय. बालगणनेची वही घेऊन घरोघर फिरायचं काम शिक्षक करतो, ते त्यानं करू नये असं मी म्हणणार नाही. गावातलं कुठलं मूल शाळेबाहेर आहे हे शिक्षकाइतकं कुणाला कळत नाही. पण ग्रामसेवक आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडं त्याच गावाच्या त्याच मुलांच्या नोंदी असतात. तिघांनी एकदा एकत्र बसून मेळ घातला तर एक दिवस पुरतो.

आणि कलम २७. यावरून आपल्याकडं सगळ्यात जास्त गैरसमज आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला लावू नये, असं ते कलम सांगतं. मतदार यादीच्या कामाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये सांगितलंय की ते सुट्टीच्या दिवशी आणि शाळेच्या वेळेबाहेर द्यावं. राज्य शासनानंही ऑगस्ट २०२४ मध्ये शिक्षकांच्या कामांचं शैक्षणिक आणि अशैक्षणिक असं वर्गीकरण करणारा निर्णय काढला. हे सगळं तुमच्या बाजूचं आहे. पण शाळेची स्वतःची माहिती भरणं कलम २७ मध्ये अडकत नाही. ते कलम दाखवून यू-डायस भरायला नकार दिलेले शिक्षक मी पाहिलेत, आणि त्यात नुकसान मुलांचं झालं.

कसं ते सांगतो. २०२२-२३ पासून यू-डायस प्लसमध्ये विद्यार्थीनिहाय नोंद आहे. संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० असेल तर २५,०००. तुमच्या पटावर ३१ मुलं आहेत आणि त्यातलं एक दुसऱ्या गावाहून आलंय, ज्याचं नाव आधीच्या शाळेनं ड्रॉपबॉक्समध्ये (यू-डायसमधल्या, शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या यादीत) टाकलं आणि तुम्ही तिथून ओढून घ्यायचं राहून गेलं, तर एका नावामागं १५,००० रुपयांचा फरक पडतो. आपल्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर कराड, वाळवा भागात उतरतात, मुलं मधूनच येतात आणि मधूनच जातात, त्यामुळं हे वारंवार होतं. तेव्हा आढाव्यात यू-डायसला 'सगळ्यात महत्त्वाचा अहवाल' म्हणून वर लिहा, आणि त्याच्याच जोरावर बाकीचे कमी करा. आपल्या ११ अंकी यू-डायस क्रमांकात, जो सातारा जिल्ह्यात २७३१ ने सुरू होतो, शाळेची इमारत, खोल्या, पाणी, शौचालय, पुस्तकं, पट, शिक्षक सगळं बसलेलं आहे. तालुक्याला काही हवं असेल तर ते तालुक्याच्याच गटसाधन केंद्रात ही माहिती सांभाळणाऱ्या एमआयएस को-ऑर्डिनेटरच्या संगणकावर आधीच आहे.

आता ज्यांना हात लावायचा नाही ते. इथं मी थोडा थांबणार आहे, कारण ओझं कमी करायच्या भरात चुकीची गोष्ट कापली जाते.

पोक्सो कायदा, २०१२. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तसा संशय आला तर कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं कळवलं नाही तर कलम २१ मध्ये एक वर्षापर्यंत कैद आहे. हा असा अहवाल आहे ज्याला नमुना, मुदत, वरिष्ठांची परवानगी काही बघायचं नसतं. 'आधी केंद्रप्रमुखांना विचारतो' असंही नाही. मुला-मुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीची बैठक, तक्रारपेटी उघडण्याची नोंद, ही कामं वहीत आली तरी त्यांच्यापुढं लाल खूण करू नका.

दुसरं, पोषण आहाराचं चव रजिस्टर. २०१३ मध्ये बिहारात छपराजवळच्या एका शाळेत माध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुलं गेली. वाढण्याआधी मोठ्या माणसानं खाऊन बघायचं, हे त्या रजिस्टरचं सगळं सार आहे. पण शाळाभेटीत मी शनिवारी आठवड्याच्या सहा सह्या एकदम केलेल्या पाहिल्यात, एकाच शाईत, एकाच हाताच्या तिरक्या ओळीत. चव कुणी घेतलीच नव्हती. पोषण आहारात रोजची ऑनलाइन नोंद, तांदळाचा हिशोब, साठा नोंदवही, मासिक गोषवारा असा एकाच तांदळाचा चारदा हिशोब होतो. पहिली ते पाचवीला मुलामागं १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. रोजची उपस्थिती भरली की बाकीचं यंत्रानं काढावं, ते शिक्षकाकडून परत का घ्यायचं? तिथं वेळ वाचवा आणि तो वेळ चव घ्यायला द्या. समितीतल्या एखाद्या आईला रोज पाळीनं बोलवलं तर आणखी बरं.

तिसरं, जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेलं रजिस्टर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या नदीकाठच्या कितीतरी शाळांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर मी ओळखीच्या एका शाळेत मदतीला गेलो होतो. कपाट उघडलं तर गाळाचा वास आणि आत रजिस्टरांचे फुगलेले गठ्ठे. मासिक अहवालांच्या फायली तशाच उचलून बाहेर टाकल्या, कुणी मागं वळून पाहिलं नाही. जनरल रजिस्टर मात्र दोघा शिक्षकांनी पाळण्यातलं मूल उचलावं तसं उचललं. पानं एकमेकांना चिकटलेली. सतरंजीवर ठेवून, पानापानात वर्तमानपत्राचे तुकडे घालून, उन्हात न ठेवता पंख्याखाली आठ दिवस वाळवलं, कारण उन्हानं शाई उडते. जुन्या शाईची काही नावं निळ्या डागात गेलीच. त्या गावातल्या कित्येकांच्या जन्मतारखेचा आणि जातीचा तोच एक पुरावा होता. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा हीच जुनी रजिस्टरं सगळ्या राज्यात उघडली गेली.

त्या दिवशी त्या कपाटासमोर कुठला कागद कशासाठी असतो हे मला जितकं स्पष्ट कळलं तितकं कुठल्या प्रशिक्षणात कळलं नव्हतं. तुम्ही आढावा घेताना प्रत्येक अभिलेखापुढं त्याचा वर्ग लिहा. 'अ' म्हणजे कायम, 'ब' म्हणजे ३० वर्षं, 'क' १० वर्षं, 'क-१' ५ वर्षं, 'ड' एक वर्ष. जनरल रजिस्टर 'अ' मध्ये. त्याची पानं स्कॅन करून एक प्रत शाळेबाहेर, दुसऱ्या गावात ठेवा. आणि मुदत संपलेले 'ड' वर्गाचे कागद रीतसर यादी करून, मंजुरी घेऊन नष्ट करा. कपाट मोकळं झालं की कामाचा कागद हाताशी येतो.

मुलांच्या खासगी माहितीबद्दल एक कडक सूचना. गुगल शीटची लिंक ग्रुपवर येते आणि साठ-सत्तर मुख्याध्यापक एकाच वेळी तीत भरतात. कुणाची तरी ओळ पुसली जाते, कुणाचं नाव कुणापुढं जातं, हा झाला एक त्रास. पण त्याच पानावर शंभर मुलींची नावं आणि घरचे मोबाइल क्रमांक कुणालाही दिसतील असे पडलेले असतात, तो मोठा धोका. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय आणि त्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हा मुद्दा आहे. 'अपार' या विद्यार्थ्याच्या ओळख क्रमांकालाही पालकांची संमती लागते. अशी मागणी आली तर तुम्ही लेखी एवढंच कळवा: संख्या सोबत दिली आहे, नावनिहाय माहिती यू-डायस प्लसवर उपलब्ध आहे, मोबाइल क्रमांक उघड पत्रकात भरता येणार नाहीत. असं नम्रपणे कळवलेल्या शिक्षकावर मी कधी कारवाई झालेली पाहिली नाही.

हे सगळं जमतं का, असं तुम्ही विचाराल. लहान प्रमाणात जमतं, मी करून पाहिलंय. निवृत्तीआधीच्या शेवटच्या वर्षी माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडं असलेल्या केंद्रांत, मी आणि दोन केंद्रप्रमुखांनी ठरवलं की शाळेला काहीही विचारण्याआधी यू-डायसचं शाळेचं रिपोर्ट कार्ड काढून बघायचं. त्यात असेल तर शाळेला विचारायचं नाही. बदल असेल तेवढाच मुख्याध्यापकानं पेननं दुरुस्त करून द्यायचा. ग्रुपवरच्या मागण्यांना दिवस ठरवला, फक्त सोमवार, आणि उत्तर पुढच्या सोमवारी. तारांकित प्रश्न आणि आपत्ती एवढेच अपवाद. पहिले दोन महिने आम्हाला जड गेले, कारण शोधाशोध आता आम्हाला करावी लागत होती. तेव्हा कळलं की ते कष्ट आधी कोण करत होतं. एका मॅडमनी दिवाळीच्या आधी सांगितलं की मंगळवार ते शनिवार त्या फोन पिशवीत ठेवतात, तेव्हा बरं वाटलं. मी निवृत्त झाल्यावर ती पद्धत टिकली नाही. ती आमच्या तिघांच्या मनावर चालली होती, लेखी कुठंच नव्हती. म्हणून तुम्हाला सांगतो, ठराव करा.

ठराव जाण्याची वाटही लिहून देतो. पहिली प्रत केंद्रप्रमुखांना, आणि शिक्षण परिषदेत तो विषय घ्यायची विनंती. तुमच्या केंद्रातल्या दहापैकी चार शाळांनी तीच वही ठेवली तर फार उत्तम, एका शाळेची वही म्हणजे एका बाईंचं गाऱ्हाणं ठरतं. दुसरी प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. तिसरी जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीला. खालच्या पातळीवर विचार व्हायच्या आत मंत्रालयात अर्ज करू नका. तिथून तो फिरत फिरत परत तुमच्याच तालुक्याला 'उचित कार्यवाहीस्तव' येतो आणि त्याचाही अहवाल तुम्हालाच द्यावा लागतो. वरच्या पातळीवर काही होत नाही असं मात्र समजू नका. एप्रिल २०२५ मध्ये शाळास्तरावरच्या भाराभर समित्यांचं एकत्रीकरण करणारा निर्णय शासनानं काढला. शाळांनी वर्षानुवर्षं लेखी मागणी केली होती, त्याचं ते फळ आहे. कुणी 'हे असंच चालायचं' म्हणालं तर तो निर्णय दाखवा.

लाल खुणांच्या मागण्यांबद्दल कार्यालय आधार सांगत नसेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयानं आपली कामं, नियम, अभिलेख स्वतःहून जाहीर करायचे असतात. समितीच्या सदस्यानं पालक म्हणून साधा अर्ज करावा. शिक्षकानं स्वतःच्या नावानं करू नये, उगाच मनं दुखावतात.

बैठक ऑक्टोबरमध्ये, दिवाळीची सुट्टी लागण्याआधी ठेवा. ३० सप्टेंबरच्या पटाचं काम तोवर आटोपलेलं असतं आणि वहीत पहिलं सत्र आलेलं असतं. ठराव लहान असू द्या. मी असा लिहिला असता: 'यू-डायस प्लसमध्ये भरलेली माहिती शाळेकडून पुन्हा मागवू नये, ती गटसाधन केंद्रातून घ्यावी. माहितीच्या मागणीसोबत मूळ आदेशाचा क्रमांक व दिनांक द्यावा. तारांकित प्रश्न व आपत्तीचा अपवाद वगळता किमान तीन कामकाजाचे दिवस मुदत द्यावी. मुलांची नावे व पालकांचे भ्रमणध्वनी क्रमांक उघड पत्रकात मागवू नयेत.' सूचक आणि अनुमोदक दोघंही पालक सदस्य असावेत, शक्यतो त्यात एक आई असावी. सोबत वहीच्या पानांच्या छायाप्रती जोडा, प्रत्येक पानावर अध्यक्षांची सही घ्या. वही शाळेतच ठेवा, मूळ कुणालाही देऊ नका. तीनही कार्यालयांची पोच घ्या आणि पोचेच्या तारखा त्याच वहीत, नव्या पानावर लिहा. दुसऱ्या सत्राच्या नोंदी त्या पानापासून पुढं सुरू करा.